आधी उजेड, मग रंग

नमस्कार मंडळी, मागच्यांना ऐकू येतंय ना? बरं. मला विषय दिलाय तो घराच्या रंगाला शोभतील अशी झाडं, आणि ती पण फार उठाठेव न करता जगणारी. तर आधी माझीच फजिती सांगते. आमच्या बेडरूमला हौसेने राखाडी रंग काढला आणि त्याला मॅचिंग म्हणून नर्सरीतून गुलाबी सिंगोनियम आणलं, फोटो ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी बदाम पाठवले. दोन-अडीच महिन्यांत काय, तर नवीन येणारं प्रत्येक पान हिरवं आणि देठ हे असे लांबलचक, खिडकीकडे पळालेले. मी मनातल्या मनात नर्सरीवाल्याला शिव्या घातल्या, पण त्याची काही चूक नव्हती हो. खोली उत्तरेची, समोर दुसरी बिल्डिंग, वर राखाडी भिंत.

पानातला पांढरा भाग असतो ना, त्यात हरितद्रव्य नसतं, म्हणजे तो भाग कमवत नाही, नुसता बसून खातो. उजेड कमी पडला की झाडाला असले लाड परवडत नाहीत, ते हिरवं व्हायला बघतं. गुलाबी-जांभळ्या पानांचंही साधारण तेच. आणि भिंतीचा रंगसुद्धा उजेड खातो बरं का. क्रीम भिंत तो परत खोलीत फेकते, गडद निळी किंवा बॉटल ग्रीन भिंत गिळून टाकते, म्हणजे फॅशन म्हणून हॉलची एक भिंत डार्क केली की तिथल्या झाडाचं रेशन कमी झालं.

म्हणून खरेदीला जायच्या आधी दुपारी बाराच्या सुमारास लाइट न लावता, कुंडी ठेवायची तिथे कागद धरा आणि त्याच्यावर वीतभर उंच हात धरा. सावली स्पष्ट पडली तर मजा आहे, रंगीत काहीही आणा. पुसट पडली तर मनी प्लांट, स्पायडर प्लांट. सावलीच नाही दिसली तर स्नेक प्लांट किंवा झीझी, आणि तेही तिथे वाढणार नाहीत फारसे, तग धरतील.

आता रंग. गडद हिरव्या भिंतीपुढे झीझी ठेवलं तर ते दिसतच नाही, पैसे पाण्यात. तिथे चंदेरी पानांचं अॅग्लोनेमा घ्या, कमी उजेडात चालवून घेतं, लाल अॅग्लोनेमा मात्र नाही हं, त्याला जास्त उजेड लागतो. पिवळ्या भिंतीला पिवळी कड असलेला स्नेक प्लांट, कड भिंतीशी बोलते आणि मधला हिरवा उठून दिसतो. लेबलवर सॅन्सेव्हिएरिया लिहिलेलं असो नाहीतर ड्रॅसिना, झाड तेच, २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं आडनाव बदललं एवढंच. पांढऱ्या भिंतीला खिडकीजवळ काळपट लाल रबर प्लांट, बाकी काही नको. क्रोटन बघून भुलू नका, हॉलच्या कोपऱ्यात आणलं की पानं टाकतं.

हवा शुद्ध होते का, हे कोणीतरी विचारणारच. झाडं हवा शुद्ध करतात असं ज्यावरून सांगतात तो नासाचा १९८९ चा प्रयोग बंद पेटीतला होता, आपल्या घरात दारं-खिडक्या असतात. तेव्हा झाड दिसायला छान म्हणून आणा.

पाणी? ही झाडं तहानेने कमी आणि आपल्या मायेने जास्त मरतात. झीझीला खाली बटाट्यासारखे कंद असतात, त्यातच त्याचं पाणी असतं. दोन पेरं बोट मातीत घाला, ओलं लागलं तर तांब्या खाली ठेवा, पावसाळ्यात तर हमखास. मांजर किंवा रांगतं बाळ असेल तर मनी प्लांट, झीझी, अॅग्लोनेमा वर टांगा, चावलं की तोंडाची आग होते. स्पायडर प्लांटला तसा धोका नाही.

काय म्हणालात काकू, सोफा निळा आहे? मग झाड बदलू नका, कुंडी बदला. साधी मातीची कुंडी घ्या, गेरू लावा, निळ्यापुढे तो तांबूस रंग काय खुलतो! फक्त ऑइलपेंट नको, त्याने मातीची छिद्रं बुजतात आणि पाणी आतच राहतं. लावलाच असेल तर पाण्याची पाळी लांबवा.