कात्री इतक्यात नको

[दृश्य: नागपुरात बेसा रोडकडचं एक आवार, सकाळ. काळवंडलेली जास्वंदाची रोपं.]

२९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला. शहराच्या नोंदींतलं हे सर्वांत कमी तापमान. पण साडेतीन म्हणजे शून्य नव्हे, मग अशा रात्री पानावरचं दव गोठून रोपं काळवंडतात ती कशी?

वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून चारेक फुटांवर, पेटीच्या आडोशाला असतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की गवत आणि रोपांची पानं रात्रभर उष्णता वर सोडत राहतात आणि हवेपेक्षा काही अंशांनी जास्त गार होतात. मोकळ्या प्लॉटांच्या वस्तीत हे जास्त घडतं. धरमपेठेसारख्या दाट वस्तीत निदान भिंती आणि डांबर दिवसाची ऊब धरून ठेवतात.

[दृश्य: शेंड्याचं पान, अगदी जवळून.]

कोवळं पान आधी उकडल्यासारखं, पाणी सुटल्यासारखं दिसतं. मग मऊ पडून काळं होतं. पेशींच्या बाहेरचं पाणी आधी गोठतं आणि आतलं पाणी ओढून घेतं. पेशी कोरडी पडते, तिचं आवरण फाटतं. जास्वंद, क्रोटन, एक्झोरा ही तर उष्ण मुलखातली झाडं. त्यांना दव गोठायचीही गरज नाही, दहा अंशांच्या खालच्या सलग काही रात्रीही पुरतात.

असं रोप दिसलं की हात सिकेटरकडे, म्हणजे छाटणीच्या कात्रीकडे जातो. घात तिथेच होतो. जानेवारीत थंडीची दुसरी लाट येऊ शकते. छाटलं की फुटवे उठतात आणि तेच कोवळे फुटवे त्या लाटेत सापडतात. वाळका शेंडा दिसायला वाईट, पण खालच्या डोळ्यांवर, म्हणजे फांदीवरच्या मिटल्या कोंबांवर, तेवढंच छप्पर. युरियाची मूठही याच कारणाने नको. रोप जरा मलूल दिसलं की युरिया, ही आपली जुनी खोड!

पाणी मात्र द्या. ओली माती दिवसाची उष्णता जास्त साठवते, शिवाय बोअरचं पाणी हिवाळ्यात कोमट असतं. काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांतही कडाक्याच्या रात्री ओलीत करतात. संध्याकाळी बांबूच्या तिकाटण्यावर जुनी साडी किंवा चादर टाका, पार जमिनीला टेकेल अशी. प्लास्टिक पानाला चिकटलं तर पान तिथेच करपतं. ऊन आलं की पांघरूण काढा. धुराचं म्हणाल, तर ऊब देते ती आग. धूर नुसता शेजाऱ्याच्या नाकात जातो.

[दृश्य: फेब्रुवारी. नखाने खरवडलेली फांदी.]

फेब्रुवारीच्या मध्यानंतर फांदीची साल नखाने हलकेच खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं लागलं तर चार बोटं खाली सरका, पुन्हा खरवडा. जिथे हिरवं सापडेल, तिथल्या डोळ्याच्या थोडं वर तिरका काप घ्या. काप जाड असेल तर बुरशी लागू नये म्हणून बोर्डोपेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, तेही प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडी भांड्यात नाही. सगळ्याच फांद्या वाळक्या निघाल्या, तरी रोप लगेच उपटू नका. कलम नसेल तर बुडातून येणारा फुटवाही चालतो.

खत आता, पालवी दिसल्यावर. तेही कुजलेलं शेणखत, ओंजळभर. कारण नागपुरात घाई खरी इथून पुढे आहे. मेमध्ये पारा ४५ अंशांवर जातो. तोवर ही कोवळी पालवी पक्की, राठ व्हायला हवी, म्हणून मार्चअखेर आळ्यात पालापाचोळ्याचं आच्छादन आणि दुपारपुरती वर हिरवी जाळी.