पावसात दाराला रंधा मारू नका

जुलै लागला की माझा फोन वाजायला लागतो आणि बहुतेकांचं रडगाणं एकच, मिस्त्री दार अडकतंय, येऊन जरा रंधा मारून द्या ना. मी म्हणतो आत्ता नाही, दिवाळी झाली की बघू. मग लोकांना वाटतं मिस्त्री भाव खातोय. चाळीस वर्षं चिपळुणात हेच काम करतोय, भाव खायचं वय गेलं हो. पण फुगलेलं दार पावसात तासलं की जानेवारीत तेच दार आखडतं, कडेला बोट जाईल एवढी फट पडते, आणि तासलेलं लाकूड काय परत चिकटवता येत नाही.

लाकूड उंचीला वाढत नाही, म्हणजे नावालाच, वाढतं ते रुंदीला. साग त्यातल्या त्यात शहाणा, तरीसुद्धा त्यातला ओलावा 1 टक्का वाढला की रुंदी साधारण 0.2 टक्के वाढते. आता थंडीतली कोरडी हवा आणि आषाढातली दमट हवा, यात लाकडाच्या ओलाव्यात 4 टक्के फरक धरा. फळ्या जोडून केलेलं 3 फुटी दार 7 एमएमपर्यंत फुगलं की नाही? म्हणून तर जुने सुतार पॅनलचं दार करायचे. बाहेरच्या दोन उभ्या पट्ट्या 5-5 इंची, त्या दोन्ही मिळून फुगून फुगून 2 एमएम, आणि मधलं पॅनल खाचेत नुसतं बसवलेलं, ना सरस ना खिळा, आतल्या आत फुगू दे नाहीतर आखडू दे. घरी रंगवलेलं पॅनलचं दार असेल तर जानेवारीत बघा, पॅनलच्या कडेला बिनरंगाची एक पिवळट रेघ दिसते. ती भेग नाही, लाकूड आखडलंय तेवढंच. एका घरी पेंटरने ती लांबी म्हणजे पुट्टी भरून बुजवून टाकली, पुढच्या पावसात पॅनलला फुगायला जागाच उरली नाही आणि कोपऱ्यातला सांधा उघडला. हौसेने पैसे देऊन दार मोडून घेतलं म्हणायचं.

मग अडकलेल्या दाराचं करायचं काय? आधी वरची बिजागरी बघा. दार अर्धं उघडा, मुठीला धरून वर उचला, खटखट हललं तर दार फुगलेलं नाहीच, लोंबलंय. आमच्याच धंद्यातले लोक स्क्रू पिळायच्या ऐवजी हातोडीने ठोकतात, सांगायला लाज वाटते पण खरंय, ठोकलेल्या स्क्रूला लाकडात पकड बसत नाही आणि दोन वर्षांत तो सैल होतो. स्क्रू काढा, भोकात फेव्हिकॉल लावून बांबूची काडी ठोका, एक रात्र वाळू द्या, दुसऱ्या दिवशी थोडा लांब स्क्रू पिळून बसवा, झालं. आणि सागाचं जड दार दोन बिजागऱ्यांवर लटकवू नका, तीन तरी हव्यात.

दुसरं, मोबाइलचा कॅमेरा चालू करा आणि दाराच्या खाली सरकवून खालच्या कडेचा फोटो काढा. रंग, पॉलिश काहीच नसतं, नव्वद टक्के घरांत कोरं लाकूड, कारण दार आधी लटकवतात आणि पेंटर मग येतो. लादी पुसल्याचं पाणी रोज तिथूनच वर चढतं. वरच्या कडेची पण तीच गत. सहाही बाजूंना रंगाचा नाहीतर पॉलिशचा हात मारल्याशिवाय दार लटकवायचंच नाही. बसवताना बाजूला आणि वर 3 एमएम जागा ठेवायची, म्हणजे एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून सरकली पाहिजेत.

आता पुराचं बोलतो. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी घरात शिरली तेव्हा इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांची दारं पाण्यात होती. स्वस्तातली फ्लश डोअरं, म्हणजे थर चिकटवून केलेली सपाट दारं, ती तर संपलीच, थर सुटून पुस्तकासारखी उघडली. पण सागाची, फणसाची दारं चांगली होती आणि ती आपण घालवली, कशी, तर पाणी उतरल्यावर भिंतीला टेकवून उन्हात ठेवली. एक बाजू तापली, दुसरी ओली, पापडासारखी वाकडी झाली. माझ्या मेव्हण्याने आठ दारं सावलीत एकावर एक आडवी रचली, मध्ये तीन-तीन पट्ट्या, पट्ट्या बरोबर एका ओळीत, वर चिरे ठेवले आणि महिनाभर हात लावला नाही. त्यातली सात आजही लटकतायत.

नवीन दार आणलं तरी तसंच आडवं ठेवायचं, जमिनीपासून चार बोटं वर. ओल्या प्लास्टरच्या खोलीत तर नाहीच नाही, ती भिंत आठवडेच्या आठवडे पाणी सोडत असते. प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळू पण नका, आत घाम धरतो.

हां, ताई विचारतायत बाथरूमचं काय. मी सुतार आहे, तरी सांगतो, तिथे पीव्हीसीचं लावा.