पट्टे मोजू नका, तोंड बघा

(डिचोलीत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘ओढ्यातले लोच: शोध, ओळख आणि संगोपन’. लोच म्हणजे ओढ्याच्या तळाशी राहणारे, तोंडाला मिशा असलेले बारीक मासे. बहुतेकजण ‘संगोपन’ या शब्दासाठी आलेत, ते पिशव्यांतून डोकावणाऱ्या बरण्यांवरून कळतंच आहे. (हशा) येतो तिकडे. पण आधी ओळख. ओळख चुकली की संगोपन आठवडाभरात आपोआप संपतं.

आपण गोंयकार. बांगडा ताजा की शिळा ते हातभर लांबून सांगू. पण व्हाळातला बोटभर मासा दाखवला तर उत्तर एकच, ‘बारीक नुस्तें’. त्यातून कोणी हौशी निघालाच तर बादलीतल्या माशाचा वरून फोटो काढतो आणि विचारतो, अकरा पट्टे आहेत, कुठला हा?

माझं खरं दुखणं म्हणजे हे पट्टे. घाटातल्या ओढ्यांत शिस्टुरा डेनिसोनी नावाचा लोच असतो. एकाच खळाळातले पाच पकडा, पाचांचे पट्टे वेगळे भरतील. एकाच माशाची डावी कूस उजवीशी जुळत नाही. पिल्लाचे पट्टे रुंद असतात, वय वाढतं तसे ते तुटत जातात. रात्री मासा फिका पडतो, आणि पांढऱ्या बादलीत दहा मिनिटं ठेवलात तर पट्टे विरायला लागतात. शेजाऱ्याला शर्टाच्या रंगावरून ओळखण्यातला हा प्रकार आहे.

नावांचा घोळ आजचा नाही. १८२२ साली हॅमिल्टन नावाच्या साहेबाने गंगेकडच्या माशांच्या ग्रंथात एका लोचचं नाव ठेवलं ‘कोबिटिस बोटिया’. नऊ वर्षांनी, १८३१ साली, ग्रे या दुसऱ्या साहेबाने ‘बोटिया’ नावाची प्रजातीच (जीनस, म्हणजे जातींचा गट) उभी केली. तिच्यात वेगळेच मासे, डोळ्याखाली काटा असलेले. म्हणजे हॅमिल्टनचा बोटिया हा बोटिया नव्हेच! आडनाव कुळकर्णी आणि वतन दुसऱ्याकडे. (हशा) मग १८३९ मध्ये कर्नल साइक्सने दख्खनच्या माशांचं वर्णन केलं. त्याने एक चांगलं काम केलं, लोकांच्या तोंडचं नाव उचलून लॅटिनच्या पंगतीत बसवलं: ‘कोबिटिस मुरे’. आपला मुरा तो. पण पुढे हा मुरा हॅमिल्टनच्या बोटियात जमा केला गेला, आणि कितीतरी वर्षं पुस्तकांत आपल्याकडचा मासा परक्या नावाने नांदला. २०१५ साली सिंगर आणि पेज या अभ्यासकांनी या गटाची फेरतपासणी केली, तेव्हा कुठे तो पुन्हा मुरे झाला. आज त्याचं पूर्ण नाव पॅराकॅन्थोकोबिटिस मुरे. पावणेदोनशे वर्षांनी मराठी नाव परत मिळालं, याचा कोणी सत्कार केला नाही म्हणून मी इथे करतोय.

तर, तोंड. मासा ओल्या हाताने अरुंद काचपेटीत घ्या. पंधरा सेंटिमीटर लांब, दहा उंच, तीन रुंद अशी पेटी कुठलाही काचवाला करून देतो. आत पाण्याबरोबर मोजपट्टीचा तुकडा टाका. कुशीचा फोटो, पाठीचा फोटो, मग पेटी उचलून खालून तोंडाचा फोटो. तिसरा नसेल तर पहिले दोन मला पाठवू नका.

आता बघा. ओठांवर तुळशीच्या मंजिरीसारखे दाणे दिसतात? पॅराकॅन्थोकोबिटिस. ओठांना नुसत्या चुण्या आहेत आणि वरच्या जबड्याच्या मधोमध दातासारखं टोक, तर शिस्टुरा. नेहमीच्या तीन जोड मिशा सोडून नाकपुडीवरही एक जोड लोंबतेय? इंडोरिओनेक्टिस. डोळ्याखाली दुभंगलेला काटा उभा राहतो? मग ते कुळच वेगळं, लेपिडोसेफॅलिक्थिस आणि पांगिओचं. एक सावधगिरी: पॅराकॅन्थोकोबिटिसच्या नराला डोळ्याखाली एक पाळ असते, तिला काटा समजू नका. काटा ताठ असतो, जाळीत अडकतो. अडकला तर ओढायचं नाही. जाळीचा धागा कात्रीने कापायचा, कारण जाळं शंभर रुपयांत परत येतं.

पांगिओ गोएन्सिसचं नाव तरी इथे प्रत्येकाला ठाऊक असायला हवं. १९७२ साली टिळक यांनी वर्णन केलेला, गोव्याच्या नावाचा मासा. गांडुळासारखा अंगाचा, पाठीचा पर पार मागे सरकलेला. नावात गोवा आहे आणि गोव्यात त्याला ओळखणारे या खोलीत मावतील.

तोंडाचा आग्रह एवढ्यासाठी की मासा कुठल्या पाण्याचा, ते तोंडच सांगतं. रेती चाळून खाणारे काटेवाले लोच शेताच्या पाटात, कुजलेल्या पानांच्या गाळात सापडतात. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर वर येऊन हवा गिळतात आणि ती आतड्यात वापरतात. खळाळात दगडाला चिकटून राहणाऱ्यांना ही सोय नाही. शेजारच्या कर्नाटकातल्या काळी नदीतून २०१६ साली वर्णन झालेला बॅलिटोरा चिपकली घ्या. नावाप्रमाणेच पालीसारखा चपटा, तोंड पोटाकडे, काम दगडावरची साय खरवडण्याचं. दुकानात मात्र दोघांवर एकच पाटी: ‘तळ साफ करणारा’. आणि दोघंही शेवटी गोल काचेच्या भांड्यात.

शोधायचं कधी? पाऊस ओसरल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहिल्या पावसात चढणीचे मासे पकडायला जाऊ नका, त्यांच्या पोटात अंडी असतात. गंमत बघा, १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक मासेमारीला बंदी, आणि त्याच दिवसांत व्हाळात पाग घेऊन जत्रा. मोलें, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला ही अभयारण्यं आहेत. तिथे फक्त डोळ्यांनी मासे पकडायचे. बाहेर दोघांनी जा. एकाने प्रवाहाच्या खालच्या अंगाला मऊ, बारीक छिद्रांची जाळी तळाला टेकवून धरायची, दुसऱ्याने वरचा दगड हलवायचा. दगड उचललात तर परत त्याच खळग्यात, त्याच कुशीवर ठेवा. खालच्या बाजूला कोणाची तरी अंडी असतात.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ‘सात मिनिटे’ लिहून खाली दोन रेघा मारल्यात. बरं, संगोपन.

टाकी तीन फुटी, साधारण १३० लिटर. रेती नदीची, बारीक, गोल दाण्याची, तीन-चार सेंटिमीटर. फोडलेल्या चिऱ्याची खर नको, मिशा झिजतात आणि मग तोंड सडतं. किनाऱ्यावरची वाळूही नको. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, पाणी कठीण होतं, आणि आपले ओढे मृदू पाण्याचे. विहिरीचं पाणी थेट ओतू नका. त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, म्हणून रात्रभर एअर पंप लावून सोडा. नळाचं असेल तर क्लोरीन काढा. मासे आणण्याआधी चार ते सहा आठवडे फिल्टर चालवून त्यात माशांची घाण पचवणारे जिवाणू बसवा. पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसल्याशिवाय मासा आणायचा नाही.

खळाळातल्या लोचसाठी पंप ताशी १३०० लिटरचा तरी, एका टोकाला, म्हणजे तासाला दहा वेळा पाणी फिरेल. तापमान २२ ते २६. मे महिन्यात पाण्यावर तिरका पंखा सोडा, दोन-तीन अंश उतरतात. २५ अंशांना पाण्यात प्राणवायू लिटरला सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो, ३२ ला सव्वासातच. दगड चाटणाऱ्याला पेलेट टाकून भागत नाही. गोटे दोन घमेल्यांत पाण्यात घालून उन्हात ठेवा, हिरवे झाले की टाकीतल्यांशी अदलाबदल करा. बाकीच्यांना ब्लडवर्म, आर्टेमिया, तळाला बसणारं खाद्य, दिवे घालवल्यावर.

ओढ्यातला मासा चार आठवडे वेगळ्या टाकीत. खातो पण पोट खपाटीला जातं, तर आत जंत आहेत. अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर औषध देताना बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या अर्ध्याने सुरुवात करा. लोचचे खवले नाममात्र, औषध कातडीतून लवकर भिनतं. झाकण हवंच, नळीसाठी ठेवलेल्या भोकातही स्पंज कोंबा. आणि कंटाळा आला म्हणून टाकीतले मासे दुसऱ्या ओढ्यात सोडू नका, रोगासकट सोडाल.

मागून कोणीतरी विचारलं, पावसात लाईट गेली तर? बॅटरीवरचा एअर पंप आधीच जोडून ठेवा. तो नसेल तर खाणं बंद, झाकण उघडं, वर जाळी, आणि दर दहा मिनिटांनी तांब्याने पाणी वरून ओतत बसायचं. लाईट आल्यावर, दोन-तीन तासांहून जास्त बंद राहिलेला डबा-फिल्टर तसाच चालू करू नका. आतले जिवाणू मेलेले असतात, ते सडकं पाणी सगळं टाकीत येतं. आधी तो बादलीत उपसा, टाकीच्याच पाण्याने विसळा, मग बटण दाबा.