वासरांची हगवण आणि गोठ्यातले विषाणू

निपाणी, चिक्कोडी, खानापूर या सीमाभागात उसाचे वाडे आणि कडबा घालून सांभाळलेल्या संकरित गाई-म्हशींच्या दुधावर अनेक घरांचा रोजचा खर्च चालतो. वासरू आठवडाभराचे होते न होते तोच पिवळसर, पाण्यासारखे हगू लागले, की घरातली जाणती माणसे 'दूध बाधले' असे म्हणतात. दूध काही वेळा बाधतेही, पण या वयातील हगवणीमागे पुष्कळदा रोटा विषाणू किंवा गुरांचा कोरोना विषाणू असतो. हा दुसरा विषाणू माणसांतील कोविडचा नव्हे.

रोटा विषाणू लहान आतड्यातील रसांकुरांवरच्या (अन्नरस शोषणाऱ्या बारीक उंचवट्यांवरच्या) पेशी नष्ट करतो. त्यामुळे प्यायलेले दूध अंगी लागत नाही आणि शरीरातील पाणी व क्षार शेणावाटे निघून जातात. कोरोना विषाणू मोठ्या आतड्यालाही इजा करतो, आणि निरोगी दिसणारी गायसुद्धा तो शेणातून बाहेर टाकत असते. अमेरिकेत १९४६ मध्ये प्रथम वर्णन झालेल्या बोव्हाइन व्हायरल डायरिया या गुरांच्या विषाणूजन्य रोगाची तऱ्हा मात्र वेगळी आहे. गाभणकाळाच्या पहिल्या सुमारे चार महिन्यांत त्याची लागण झाली, तर गर्भ त्या विषाणूला परका मानत नाही, आणि जन्मलेले वासरू तो आयुष्यभर पसरवत राहते. शिवाय हा विषाणू प्रतिकारशक्ती खच्ची करतो व इतर जंतूंना वाट मोकळी करून देतो.

तरीही शेणात विषाणू सापडला म्हणजे कारण सापडले, असे मानणे घाईचे ठरेल. हे विषाणू न हगणाऱ्या वासरांतही आढळतात आणि ई. कोलाय हा जिवाणू किंवा क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी अनेकदा सोबतीला असतो.

वासराला गर्भात आईकडून प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात, आणि ती शोषण्याची आतड्याची क्षमता तासागणिक घटत सुमारे २४ तासांत संपते. वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, हा रिवाज म्हणूनच महागात पडतो. २५ किलोच्या वासराला अडीच लिटर चीक, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत, मिळायला हवा.

हगवण लागल्यावर विषाणूवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. क्षारयुक्त पाणी वारंवार पाजावे, दूध तोडू नये. मात्र डोळे खोल गेले असतील, चिमटीत धरलेली मानेची कातडी लवकर पूर्ववत होत नसेल किंवा वासरू उभे राहत नसेल, तर शिरेतून सलाईन देण्यासाठी पशुवैद्यकांना त्याच दिवशी बोलवावे.