ओतँच्या दारातली माणसं

नमस्कार श्रोतेहो.

फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतात ओतँ नावाचं एक जुनं गाव आहे. तिथल्या संत लाजर कॅथेड्रलच्या पश्चिमेकडच्या दाराबद्दल आज बोलणार आहे. हे दार ११३०च्या आसपास घडवलं गेलं, म्हणजे त्याला जवळजवळ नऊशे वर्षं झाली. त्याचा विषय निघाला की सैतान, नरक आणि शिक्षा यांचंच वर्णन ऐकायला मिळतं. ते सगळं दारावर आहे, यात शंका नाही. पण ज्याने ते कोरलं त्याचा जीव साध्या माणसांत गुंतला होता, असं मला फार मनापासून वाटतं. का वाटतं, तेच आज सांगायचं आहे.

आधी दाराची रचना डोळ्यांसमोर आणू या. अकराव्या-बाराव्या शतकातल्या या शैलीला रोमनेस्क म्हणतात. जाडजूड दगडी भिंती आणि अर्धगोल कमानी ही तिची ओळख. भिंत इतकी जाड असली की दार खोल जातं. मग गवंडी एकात एक अशा कमानी रचत आत सरकतात आणि प्रत्येक कमान आपापल्या खांबावर टेकते. दारातून जायची वाट चौकोनी, वरची कमान अर्धगोल. या दोहोंमध्ये जी अर्धचंद्राकृती जागा उरते ती दगडाने भरून काढतात. तिला टिंपॅनम म्हणतात. वरचा भार कमानीने पेललेला असल्यामुळे हा दगड शिल्पकाराला मोकळा मिळतो. त्याच्या खाली आडवी ललाटपट्टी, आणि पट्टीला आधार म्हणून दाराच्या मधोमध एक खांब. आपल्याकडे गर्भगृहाच्या ललाटपट्टीवर गणपती असतो, तेव्हा उंबरठा ओलांडण्याआधी मान वर करून बघायची सवय आपल्याला नवी नाही.

ओतँ हे मुळात रोमन लोकांनी वसवलेलं शहर. त्यांच्या दोन वेशी तिथे अजून उभ्या आहेत. कॅथेड्रल बांधणाऱ्यांनी त्या रोज पाहिल्या होत्या, आणि त्या वेशींवरचे उभ्या खाचांचे भिंतस्तंभ त्यांनी चर्चच्या आत जसेच्या तसे उतरवले.

आता हे चर्च ज्याच्या नावाचं आहे तो लाजर. योहानाच्या शुभवर्तमानात त्याची कथा येते. मार्था आणि मरीया या दोघी बहिणींचा हा भाऊ मरतो, त्याला थडग्यात ठेवून चार दिवस होतात, आणि मग येशू त्याला हाक मारून बाहेर बोलावतो. त्याच्या अस्थी इथे आहेत, अशा श्रद्धेने यात्रेकरू लांबून येत. तेव्हा या दारावर मेलेली माणसं उठून उभी राहताना दाखवावीत, हे अगदी साजेसं होतं. शिवाय दार पश्चिमेचं, सूर्य मावळतो त्या दिशेचं. जगाच्या अखेरीचा, अंतिम न्यायाचा देखावा मध्ययुगातले लोक बहुधा याच बाजूला कोरत.

मधोमध ख्रिस्त बसला आहे, दोन्ही हात पसरून, बदामाच्या आकाराच्या तेजोवलयात. ते वलय चार देवदूतांनी धरलं आहे. वलयाच्या कडेवर लॅटिनमध्ये कोरलंय, त्याचा आशय असा: सगळ्याची व्यवस्था मी एकटाच लावतो, सत्पात्रांना मुकुट देतो, आणि पापात रमणाऱ्यांना माझ्या न्यायाने शिक्षा होते. ख्रिस्ताच्या उजव्या हाताला, म्हणजे आपल्या डावीकडे, तरलेले लोक. दुसऱ्या बाजूला नरक. आकृत्या विलक्षण उंच आणि कृश आहेत, वस्त्रांच्या चुण्या पाण्यावरच्या तरंगांसारख्या बारीक. शरीराची प्रमाणं शिल्पकाराने बेधडक मोडली आहेत, आणि माझ्या मते त्यामुळेच त्या आकृत्या या जगातल्या वाटत नाहीत.

आता खाली ललाटपट्टीकडे या. इथे माणसं थडग्यांतून उठताहेत. सगळी लहानखुरी, बरीचशी उघडी. मधोमध तलवार घेतलेला एक देवदूत त्यांचे दोन भाग करतो. डावीकडच्या भागात दोन यात्रेकरू आहेत. अंगावर कपडे नाहीत, पण खांद्याला झोळ्या तशाच. एकाच्या झोळीवर क्रूस, म्हणजे तो यरुशलेमला जाऊन आलेला. दुसऱ्याच्या झोळीवर शिंपला, म्हणजे तो स्पेनमधल्या सांतियागोची यात्रा केलेला. दारात उभ्या असलेल्या यात्रेकरूच्या खांद्यालाही तशीच झोळी असणार. वर पाहिल्याबरोबर त्याला त्या पट्टीत आपलाच माणूस भेटत असेल, आणि तोही तरलेल्यांच्या रांगेत. जवळच लहान मुलं एका देवदूताला बिलगली आहेत. कुठे आईबाप आणि त्यांच्यामध्ये लेकरू.

उजवीकडच्या भागात आलं की अंगावर काटा येतो. पैशांची थैली बाळगणारा कंजूष आहे. एका बाईच्या स्तनांना साप डसलेत. आणि एका माणसाचं डोकं वरून आलेल्या दोन अवाढव्य पंजांनी पकडलंय. पंजे कुणाचे, ते दिसत नाही, फक्त त्या माणसाचं उघडलेलं तोंड दिसतं. वर लॅटिन ओळ आहे: पृथ्वीवरच्या भ्रमाने ज्यांना बांधून ठेवलं त्यांना या भयाने धडकी भरो. डावीकडे मात्र लिहिलंय की जो पापी जीवन जगत नाही तो असाच उठेल आणि त्याच्यासाठी दिवसाचा उजेड कधी मावळणार नाही.

पट्टीच्या वर, नरकाच्या बाजूला, आत्म्यांचं वजन चाललंय. देवदूत संत मायकेल एका बाजूला, सैतान दुसऱ्या बाजूला, मध्ये तराजू. सैतान काटा आपल्याकडे ओढतोय, उघड उघड लबाडी. आणि मायकेलच्या पायाशी बघा. त्याच्या झग्याच्या घोळात एक चिमुकला जीव लपलाय. फक्त धाक दाखवायचा असता तर या जिवाची काही गरज नव्हती. दुसऱ्या टोकाला स्वर्ग आहे, कमानींची एक माडी. तिच्या कमानीतून एक देवदूत एका आत्म्याला खालून रेटा देऊन वर चढवतोय. त्या आत्म्याचं अर्धं अंग आत गेलंय, अर्धं अजून बाहेर आहे.

सगळ्यात बाहेरच्या कमानीवर गोल चकत्यांमध्ये बारा राशी आणि बारा महिन्यांची कामं कोरली आहेत. शेकोटीजवळ बसलेला माणूस, द्राक्षवेल छाटणारा, मळणी करणारा. बर्गंडी हा द्राक्षांचा मुलूख, तिथल्या शेतकऱ्याला यातलं काहीच समजावून सांगायची गरज नव्हती. जगाच्या अखेरीभोवती त्याचंच वर्ष फिरत होतं.

ख्रिस्ताच्या पायाखाली आणखी एक ओळ आहे: गिस्लेबेर्तुसने हे केलं. बहुतेक जण हे शिल्पकाराचं नाव मानतात. काही अभ्यासकांच्या मते ते शिल्पकाराचं नसून एखाद्या जुन्या दात्याचं असावं. मला पहिलं मत पटतं, पण वाद मिटलेला नाही, हेही सांगायला हवं.

पुढे अठराव्या शतकात आवड बदलली. चर्चच्याच धर्माधिकाऱ्यांना ही शिल्पं ओबडधोबड वाटू लागली आणि १७६६ साली त्यांनी टिंपॅनम गिलाव्याने झाकून टाकलं. ख्रिस्ताचं डोकं गिलाव्याबाहेर येत होतं, म्हणून ते तोडलं. ऐकताना राग येतो. पण थोड्याच वर्षांनी फ्रेंच राज्यक्रांती झाली, चर्चेसवरच्या कितीतरी मूर्ती फोडल्या गेल्या, आणि हे दार गिलाव्याखाली सुखरूप राहिलं. १८३७ साली गिलावा काढला. तोडलेलं डोकं गावातल्या रोलँ संग्रहालयात होतं. ते ओळखून १९४८ साली पुन्हा जागेवर बसवलं.

उत्तरेकडच्या दाराच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही. ते मोडलं, आणि त्याचे दगड बांधकामाला वापरले गेले. १८५६ साली गावातलं एक घर पाडताना त्यातला एक दगड सापडला. त्यावर हव्वा होती. सव्वा मीटरच्या आसपास लांब ही आकृती पानाफुलांमधून जणू पोहत चालली आहे. एक हात गालाशी, जसं कुणाच्या कानात कुजबुजायचंय. दुसरा हात मागे, फळावर, पण तिकडे ती बघत नाही. पापाची पहिली घटका इतकी कोमलतेने दगडात कोरलेली मला दुसरी कुठे माहीत नाही. समोर आदाम असणार, असं मानतात. तो दगड मिळालेला नाही.

या दाराचे फोटो इंटरनेटवर भरपूर आहेत. पण पूर्ण दाराच्या फोटोत ललाटपट्टी अगदी बारीक दिसते, आणि आज ज्यांच्याबद्दल बोललो ते यात्रेकरू त्यात हरवून जातात. ललाटपट्टीचे जवळून घेतलेले फोटो वेगळे शोधा, आणि डावीकडून सुरुवात करा. हव्वा मूळ दारापासून तुटून आता रोलँ संग्रहालयात आहे, तिचा फोटो तिथल्या नावाने शोधावा लागेल.

नमस्कार.