मालकांचा नंबर

नमस्कार श्रोतेहो. मटारचे दिवस होते. (फ्रोजनला मी मटार म्हणत नाही, पण ते असो.) करंज्यांसाठी दोन किलो शेंगा सोलून झाल्या आणि सालांच्या ढिगात एक फुटका कप मीच लपवला. कोण बघतंय!

सकाळी कचरा न्यायला आलेल्या ताईंनी बादली हलवली, आवाज ऐकला, खाली ठेवली. "वेगळं करून द्या." म्हटलं, आजच्या दिवस घ्या. "नाही घेणार." त्यांनी तर्जनी पुढे केली. पेरावर आडवा पांढरा व्रण. "अशाच सालांतली काच."

शहाण्याने इथे गप्प बसावं. पण मी पडलो पेठेत वाढलेला. म्हणालो, "तुमच्या मालकांचा नंबर द्या."

त्यांनी दिला की! मी उभ्या उभ्या फोन लावला. पलीकडे झोपेतला आवाज. मी सगळं गाऱ्हाणं ऐकवलं. ते म्हणाले, "साहेब, रातपाळी करून आत्ता आडवा झालोय. मी तिचा घरचा मालक. कामाचं तिलाच विचारा, सभासद ती आहे. मला कुठलं आलंय मत तिथं!"

ताई पदरात तोंड लपवून हसत होत्या. मी खाली बसून कप वेचला. कपाचा कान सापडेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

तर या ताई 'स्वच्छ'च्या. 1993 साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ती कचरा वेचणाऱ्यांची संघटना. तिच्यातूनच ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 साली तिचा महापालिकेशी करार झाला. आपण दरमहा देतो ते पैसे त्यांचे, सुक्यातलं भंगार विकून येतात तेही त्यांचे. मध्ये ठेकेदार नाही. पुन्हा सांगतो, मध्ये ठेकेदार नाही. आणि एक सभासद, एक मत.

तुम्ही म्हणाल, सहकार आम्हाला काय सांगता! साखर कारखाने आहेतच. आहेत ना. पण तिथे सभासद ऊस पिकवणारा. ऊस तोडणारा येतो मुकादमाची उचल घेऊन. राबणारीच मालकीण, हे बघायचं तर लिज्जत बघा. 1959 साल, गिरगाव, सात बायका, 80 रुपये उसने. आजही तिथे पापड लाटणारी भगिनी हीच मालक.

नाहीतर हल्ली दहा मिनिटांत कोथिंबीर आणून देणाऱ्या पोराला कंपन्या 'पार्टनर' म्हणतात. नाव भागीदाराचं, नफ्यात भाग शून्य! आणि दहा मिनिटांत कोथिंबीर कशाला लागते हो? आमची आई शेजारून आणायला पाठवायची.

बाकी, तो नंबर माझ्या फोनमध्ये अजून 'मालक' याच नावाने आहे. परवा चुकून लागला. उचलला ताईंनी.