९९९९ गेमची कॅसेट आणि न संपणारं पाणी

नमस्कार मंडळी.

[पिवळी कॅसेट कॅमेऱ्याजवळ धरून]

ही बघा. स्टिकर फाटलाय, पण आकडा अजून वाचता येतो. ९९९९ इन १. एका कॅसेटमध्ये नऊ हजार नऊशे नव्याण्णव गेम. ज्यांचं लहानपण नव्वदच्या दशकात गेलं, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात अशी एखादी कॅसेट होती. आणि पहिल्याच आठवड्यात ती मुलं हिरमुसली होती. ती का, हे मला आज नीट सांगायचंय, कारण मला स्वतःला ते कळायला वीस वर्षं लागली.

आम्ही तेव्हा इचलकरंजीला राहायचो. १९९६ ची दिवाळी. बाबांचा बोनस झाला होता आणि त्यातून टीव्ही गेम घरी आला. सोबत ही कॅसेट. कॅसेट लावली की पडद्यावर समुद्र, नारळाची झाडं आणि खाली यादी यायची. ताईनं शंभर पानी वही काढली, पट्टीनं रकाने आखले: नंबर, नाव, कसा आहे. म्हटलं, रोज वीस गेम खेळले तरी वर्षभर पुरून उरतील.

पहिल्या दोन पानांवर मारिओ, रणगाड्यांचा बॅटल सिटी, रोड फायटर, बर्फ फोडत वर चढायचा आइस क्लायंबर, बदकं मारायचा डक हंट. सगळे झकास. मग साठच्या पुढे कुठेतरी पुन्हा मारिओ आला, नाव वेगळं. ताईनं 'कसा आहे' खाली लिहिलं, 'तोच'. त्यानंतर वहीत पानंच्या पानं 'तोच, तोच, तोच'.

आता आत काय आहे ते बघू.

[कॅसेट उघडून]

एवढ्या मोठ्या खोक्यात एवढीशी हिरवी पट्टी. कडेला सोनेरी दात, एका बाजूला तीस, दुसऱ्या बाजूला तीस. आणि मधोमध हा काळा ठिपका, डांबराचा थेंब पडल्यासारखा. खरी चिप याच्या खाली आहे, वरून इपॉक्सी, म्हणजे वाळून दगडासारखा होणारा गोंद, ओतलंय. बाकी सगळं खोकं रिकामं.

आपले टीव्ही गेम म्हणजे निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या गेम मशीनच्या नकला. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आला. कॅसेटमधला प्रोग्राम त्याला साधारणपणे एकावेळी ३२ केबीच दिसतो, शिवाय चित्रांसाठी ८ केबी. १९८५ चा मारिओ बरोब्बर या चाळीस केबीत बसवलाय. बॅटल सिटी तर चोवीसमध्येच.

मग एका कॅसेटमध्ये अनेक गेम कसे? पोथी आठवा. सुटी पानं असतात आणि वाचणाऱ्यासमोर एकावेळी एकच पान. इथे मोठ्या चिपमध्ये पानं रचलेली असतात. तुम्ही यादीतला नंबर निवडलात की मेनूचा प्रोग्राम सर्किटला सांगतो, अमुक पान पुढे सरकव. मशीनला वाटतं, आपल्यात हा एकच गेम आहे.

आता हिशेब करा. ९९९९ वेगळे गेम, प्रत्येकी फक्त २४ केबी धरले, तरी २४० एमबीच्या आसपास जातात. १९८८ मध्ये अमेरिकेत निघालेला कॉन्ट्रा आम्हाला अवाढव्य वाटायचा, तो १२८ केबीचा होता. त्या काळ्या ठिपक्याखाली २४० एमबी असणं शक्यच नव्हतं. म्हणून बहुतेक कॅसेटमध्ये १९८३ ते ८६ च्या दरम्यानचे छोटे, साधे गेम भरले जायचे, आणि उरलेली यादी त्याच गेमना नवी नावं देऊन वाढवायची.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ केला, त्याकडे येतो.

आमच्या यादीत एक मारिओ थेट पाण्यात सुरू व्हायचा. वर जिथे '१-१', म्हणजे पहिल्या वर्ल्डची पहिली स्टेज, दिसायला हवं, तिथे आधी कोरी जागा, मग रेघ, मग एक. मी पोहत शेवटच्या पाइपापर्यंत जायचो, आत शिरायचो, की पुन्हा तेच पाणी. त्याच जागी तोच मासा. एक अख्खी दुपार मी हे केलं. वेळ संपायची, लाइफ जायचं. मला वाटलं, वाट आहे, मलाच सापडत नाहीये. ताईला बोलावलं, तिलाही नाही सापडली. रात्री अंथरुणात पडून मी विचार करत होतो की पाइपात शिरताना खालचं बटण दाबायचं राहतंय का.

वाट नव्हतीच मंडळी. मारिओत आठ वर्ल्ड आहेत, प्रत्येकी चार स्टेज. आपण कितव्या वर्ल्डमध्ये आहोत हा आकडा मेमरीतल्या एका बाइटमध्ये, म्हणजे आकडा ठेवायच्या एका छोट्या खान्यात, असतो. यादी लांबवायची तर सुरुवातीला त्या बाइटमध्ये वेगळा आकडा ठेवला की झालं 'नवा' गेम. पण आठच्या पुढचा आकडा ठेवला तर? गेम तो तपासत नाही. तो आपला तक्ता संपल्यावरही पुढे वाचत जातो आणि जे हाती लागेल त्याला स्टेज समजतो. ती कोरी जागा म्हणजे छत्तीस. छत्तीसाव्या क्रमांकाचं चित्र कोरं आहे, म्हणून पडद्यावर आकडाच दिसत नाही. आतलं पाणी ७-२ चंच, फक्त शेवटच्या पाइपाला पुढे कुठे न्यायचं हे ठाऊक नसतं, म्हणून तो तुम्हाला परत सुरुवातीला सोडतो. मूळ गेममध्येही भिंतीतून घुसायची एक युक्ती करून तिथे पोचता येतं. जगभर ती जागा 'मायनस वर्ल्ड' म्हणून ओळखली जाते.

तुमच्यापैकी कोणी त्या पाण्यात अडकून रडलं असेल, तर तुमचं काहीही चुकलं नव्हतं. हे मला, त्या दहा वर्षांच्या मुलाला, कोणीतरी सांगायला हवं होतं. खराब गेमचं मला फारसं दुःख नाही. पण ज्याला शेवटच नाही ते लहान मुलाच्या हातात द्यायचं आणि त्याला वाटू द्यायचं की तोच कमी पडला, याचा मला आजही राग येतो.

ती वही ताईकडे अजून आहे. चारशेच्या थोडं पुढे आमचं लिखाण थांबलंय.

ज्या संध्याकाळी आम्ही थांबलो, त्या संध्याकाळी बाबा पाळी संपवून आले. चप्पल काढता काढता विचारलं, "किती झाले रे?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चारशे झाले बाबा. सगळे वेगळे आहेत."

ते हातपाय धुऊन आले, आमच्यामध्ये जमिनीवर बसले, म्हणाले, "मग त्यातला एक मला शिकवा."

मी रणगाड्यांचा लावला आणि दुसरा रिमोट त्यांच्या हातात दिला.